मळभाचे हाल : लाकीचा उद्रेक (१७८३) आणि एका धर्मगुरूची साक्ष

एम. ए.च्या वर्गात आत्मचरित्र आणि प्रवासवर्णन यांविषयी बोलताना विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चा विषय निघतोच. १८५७च्या धामधुमीत सापडलेला वरसईचा एक भिक्षुक १८८३च्या सुमारास आपली हकीकत लिहून काढतो आणि ती १९०७ साली चिं. वि. वैद्यांच्या संपादनाने प्रसिद्ध होते, एवढा तपशील सांगून झाला की वर्गातून एक ठरलेला प्रश्न येतो. शकुन, ग्रहदशा, दैव यांवर गाढ श्रद्धा असलेल्या माणसाची साक्ष इतिहासाने कितपत ग्राह्य धरावी? एका वर्षी एका विद्यार्थिनीने हाच प्रश्न अधिक नेमका करून विचारला. “सर, श्रद्धेचा भाग गाळून उरलेला मजकूर घेतला तर चालेल ना?” आम्ही त्या दिवशी जे उत्तर दिले ते आमचे आम्हालाच पटले नाही. पुढे पर्यावरणाच्या इतिहासाविषयी काही वाचत असताना आमच्यापैकी एकाच्या हाती आइसलँडमधील एका धर्मगुरूच्या लेखनाचे इंग्रजी भाषांतर आले, आणि तो अनुत्तरित प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच.

‘ज्वालामुखी’ हा शब्द उच्चारताच शंकूच्या आकाराचा पर्वत, त्याच्या माथ्यावरचे एक तोंड आणि त्यातून उसळणाऱ्या ज्वाळा असे चित्र डोळ्यांपुढे येते. शब्दातच ज्वाला आणि मुख आहेत, तेव्हा दोष वाचकाच्या कल्पनेचा नव्हे. परंतु आइसलँडच्या दक्षिण भागात १७८३ साली जे घडले त्याला हा शब्द नीटसा लागू पडत नाही. तेथे ज्वाळा होत्या, पण एक मुख नव्हते. सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या रेषेत जमीन टप्प्याटप्प्याने फाटत गेली आणि त्या भेगेवर १३०हून अधिक विवरे तयार झाली. लाकी हा डोंगर या रेषेच्या मधोमध उभा आहे; तो स्वतः फुटला नाही, भेग त्याच्या दोन्ही अंगांनी गेली, तरी जगाने नाव त्याचेच लावले. आइसलँडचे लोक मात्र या घटनेला स्काफ्ताऊ नदीच्या नावाने ओळखतात, कारण त्यांच्या दाराशी आग आली ती त्या नदीच्या पात्रातून.

उद्रेक ८ जून १७८३ रोजी सुरू झाला आणि ७ फेब्रुवारी १७८४ रोजी थांबला. या आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला आणि जवळजवळ ६०० चौरस किलोमीटर जमीन त्याखाली गेली. बृहन्मुंबईचे क्षेत्रफळ साधारण तेवढेच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आकड्याला काही आकार येतो. तरीही लाव्हा हा या कथेतला मुख्य मारेकरी नाही. लाव्हा दिसतो, त्याचा आवाज येतो, त्याच्यापुढून माणसाला गुरेढोरे घेऊन हटता येते. जे दिसत नव्हते त्याने आइसलँडचा घात केला. १७०३ साली झालेल्या शिरगणतीत या देशाची लोकसंख्या ५०,३५८ भरली होती, आणि १७८३पर्यंत ती त्याच्या आसपासच रेंगाळत होती. उद्रेकानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांतील एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश माणसे नाहीशी झाली.

हे सारे ज्यांच्या लेखनामुळे आपल्याला तपशिलाने कळते ते योन स्टेनग्रिमसन १७२८ साली उत्तर आइसलँडमध्ये जन्मले. १७५५ साली ते दक्षिणेस राहावयास आले आणि त्याच वर्षी कात्ला या ज्वालामुखीचा उद्रेक त्यांनी जवळून पाहिला. १७७८पासून सीदा या परिसरातील किर्क्युबायरक्लौस्तुर येथे ते ल्यूथरपंथी धर्मगुरू होते. त्यांना वैद्यकही येत असे, आणि आजाऱ्यांना औषध देणे हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग होता. उद्रेकाची समग्र हकीकत त्यांनी १७८८ साली पूर्ण केली. ती ‘एल्डरिट’, म्हणजे ‘अग्निलेख’, या नावाने ओळखली जाते. याखेरीज त्यांनी एक आत्मचरित्र लिहिले, तेही छापण्यासाठी नव्हे, आपल्या मुलींसाठी.

‘अग्निलेखा’चा आरंभ उद्रेकाने होत नाही. तो होतो सुबत्तेने. आदल्या काही वर्षांत सीदा परिसरात गवत उत्तम होते, मेंढ्या वाढल्या होत्या, लोक खाऊनपिऊन सुखी होते. आणि सुखाबरोबर मद्य, तंबाखू, उधळेपणा आणि देवाच्या वचनाविषयी बेफिकिरी आली, असे ते सांगतात. मग स्वप्ने, आकाशातील विपरीत दृश्ये, अपशकुन यांची मालिका येते. आपल्याकडील बखरी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ही रचना अजिबात परकी वाटणार नाही. पाप, सूचना आणि दंड या क्रमाने घटना मांडल्याखेरीज ती घटना सांगितली गेली असे त्या लेखकांना वाटतच नसे.

आणि त्यानंतर येतो ८ जूनचा दिवस. तो रविवार होता; पेंटेकॉस्टचा, म्हणजे मराठी बायबलमधील पन्नासाव्या दिवसाचा सण. हवा स्वच्छ आणि शांत होती. सकाळी नऊच्या सुमारास उत्तरेकडील डोंगरांमागून काळ्या धुळीचा एक पडदा वर आला आणि पाहता पाहता साऱ्या परिसरावर पसरला. घरांत अंधार झाला, जमिनीवर राखेचा थर बसला. त्यानंतर शाईसारखे काळे पाणी पडले. पुढच्या दोन-तीन दिवसांत स्काफ्ताऊ नदीचे पाणी ओसरत गेले आणि पात्र कोरडे पडले. त्या कोरड्या पात्रात लोक अचंब्याने पाहत असतानाच १२ जून रोजी त्याच घळीतून लाव्हाचा लोंढा बाहेर आला. योन यांच्या वर्णनाची शक्ती येथे जाणवते. नदी आटली आणि तिच्या जागी आग वाहू लागली, ही घटना कोणाही लेखकाला अलंकारांची भुरळ घालणारी आहे. योन मात्र कोणती वाडी कधी गेली, कोणत्या कुरणावर किती अंतरापर्यंत लाव्हा आला, कोणते चर्च जळाले, हे एखाद्या कुळकर्ण्याने दप्तर भरावे तसे नोंदवत जातात.

त्यांच्या चरित्रातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग २० जुलैचा. लाव्हा किर्क्युबायरक्लौस्तुरच्या दिशेने सरकत होता. ही कदाचित या चर्चमधील शेवटची उपासना ठरेल असे मानून योन यांनी लोकांना आत घेतले, दारे लावली आणि नेहमीपेक्षा अधिक वेळ प्रार्थना चालवली. बाहेर गडगडाट आणि विजा चालू होत्या. उपासना संपवून लोक बाहेर आले तेव्हा लाव्हा जिथल्या तिथे थबकलेला दिसला. तो पुढे न येता एकावर एक थर रचून थिजला होता आणि आजूबाजूच्या नद्यांचे पाणी त्याच्यावर लोटत होते. या प्रवचनाला आइसलँडमध्ये ‘अग्निउपासना’ अशा अर्थाचे नाव पडले आणि योन ‘अग्निधर्मगुरू’ झाले. पाण्याने लाव्हाचे तोंड निवते, हे खुद्द त्यांच्याच वर्णनातून निघते; १९७३ साली हेमाएय बेटावरील उद्रेकात आइसलँडच्या लोकांनी समुद्राचे पाणी पंपाने मारून लाव्हाची वाट अडवली, ती याच न्यायाने. परंतु आम्हाला या प्रसंगाविषयी थोडी तक्रार आहे. तो इतका नाट्यपूर्ण आहे की लोकस्मृती त्याच्यापाशीच थांबते. चर्च वाचले, गाव वाचले, आणि कथा संपली असे वाटते. प्रत्यक्षात माणसे मरायला त्यानंतरच सुरुवात झाली.

कारण गवत. उद्रेकाबरोबर गंधकाचे आणि फ्लोरिनचे वायू बाहेर पडत होते. फ्लोरिनची संयुगे राखेच्या कणांना चिकटून कुरणांवर उतरली. हिरवे दिसणारे गवत मेंढ्यांनी खाल्ले. योन लिहितात की गुरांच्या सांध्यांवर, बरगड्यांवर, जबड्यांवर हाडांच्या गाठी आल्या, खूर सुटू लागले, आणि चारा पुढ्यात असूनही जनावराला तो चावता येईना. तीच लक्षणे पुढे माणसांतही दिसली : हिरड्या सुजल्या, केस गळाले, हाडांवर उंचवटे आले. योन यांना फ्लोरिन हे मूलद्रव्य ठाऊक असणे शक्य नव्हते. ते वेगळे काढण्यात रसायनशास्त्राला यश आले १८८६ साली. तरीही आजच्या पशुवैद्याने हे परिच्छेद वाचले तर निदान करायला त्याला वेळ लागणार नाही. फ्लोरोसिस हा शब्द आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या वाचकांनाही नवा नाही, जरी तेथे फ्लोराइड येते ते भूजलातून. आइसलँडमधील सुमारे ८० टक्के मेंढ्या आणि निम्म्याच्या आसपास गुरे व घोडी या काळात मेली. ज्या देशात धान्य जवळजवळ पिकत नाही आणि मेंढी हेच अन्न, वस्त्र व चलन आहे, तेथे या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. लोकांनी कातडी उकळून खाल्ली. निषिद्ध मानलेले घोड्याचे मांस खाल्ले. हे खाणाऱ्यांविषयी योन यांची लेखणी कठोर होते. उपाशी माणसाने घोडा खाल्ला म्हणून त्याला दोष देणारे हे धर्मगुरू त्याच उपाशी माणसाच्या घरी औषध घेऊन जात, आणि तो मेला की त्याला पुरण्याची व्यवस्थाही करत.

या दुष्काळाला आइसलँडच्या भाषेत जे नाव आहे त्यापाशी भाषेच्या शिक्षकाने थोडे थांबले पाहिजे. ते नाव ‘मोदुहार्दिंदिन’. ‘हार्दिंदी’ म्हणजे हालअपेष्टांचा काळ, आणि ‘मोदा’ म्हणजे हवेत भरून राहिलेला, प्रकाश अडवणारा धूसर पडदा. मराठीत या ‘मोदा’ला काय म्हणावे? ‘धुके’ म्हणावे तर ते ओलसर, थंड आणि बहुधा सुखद असते. उन्हे वर आली की विरते. ‘धूर’ म्हणावे तर आग जवळ असल्याचे गृहीत धरावे लागते. वृत्तपत्रांनी रूढ केलेला ‘धुरके’ हा शब्द शहराचा आहे, त्याला मोटारींचा वास येतो. आम्ही शेवटी ‘मळभ’ हा शब्द निवडला. मळभ डोळ्यांना दिसते, अंगाला जाणवते, पण ते कोठून आले हे सांगता येत नाही. आणि ते मनावरही येते. लोकांनी आपल्या सर्वांत मोठ्या आपत्तीला आगीचे नाव न देता मळभाचे नाव दिले, हा आम्हाला त्या समाजाच्या निरीक्षणशक्तीचा पुरावा वाटतो.

आपत्तीला केवळ निसर्गच कारणीभूत होता असेही नाही. आइसलँड डेन्मार्कच्या सत्तेखाली होते आणि १६०२पासून तेथील सारा व्यापार डॅनिश मक्तेदारीत होता. कोपनहेगनला बातमी पोहोचली, मदतीची हालचाल झाली. परंतु पाहणीसाठी मॅग्नुस स्टेफेनसेन यांना घेऊन निघालेले जहाज वादळाने नॉर्वेच्या किनाऱ्याला लागले आणि हिवाळा तेथेच काढून १७८४च्या वसंतात आइसलँडला पोहोचले. तोवर सर्वांत वाईट हिवाळा उलटून गेला होता. मक्तेदारी संपवण्याचा निर्णय १७८६ साली झाला. या दुष्काळानंतर तो निर्णय झाला, यातच पुरेसे आले.

योन यांच्यावर बालंट आले ते या मदतीवरूनच. १७८४ साली त्यांची पत्नी थोरुन वारली. त्याच वर्षी सरकारी मदतीचे ६०० रिग्सडॉलर सीलबंद पेटीतून जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे पोहोचवण्याचे काम त्यांच्यावर सोपवले गेले. वाटेत त्यांना आपल्याच पॅरिशमधील लोक भेटले, जनावरे विकत घ्यायला पैसा नसलेले. योन यांनी सील फोडले आणि काही रक्कम तेथेच वाटून टाकली. हा अधिकाराचा भंग ठरला, चौकशी झाली, आणि ज्या माणसाने लाव्हा थांबवला असे लोक म्हणत होते त्याला क्षमा मागावी लागली. आत्मचरित्रात त्यांनी या प्रकरणाची बाजू मांडली आहे. ती वाचताना साहित्याच्या अभ्यासकाला सावध व्हावे लागते. येथे बोलणारा माणूस दुखावलेला आहे, त्याला शत्रू आहेत, आणि आपल्या मुलींनी आपल्याला चोर समजू नये ही त्याची इच्छा आहे. निःपक्ष साक्षीदार म्हणून ज्यांचा हवाला विज्ञान देते ते हेच योन. आम्हाला हा भाग ‘अग्निलेखा’पेक्षाही अस्वस्थ करणारा वाटतो, आणि वर्गात शिकवायचा झाला तर आम्ही आधी हाच शिकवू.

आता मळभाबरोबर आइसलँडबाहेर गेले पाहिजे. लाकीच्या भेगेतून सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला, असा अंदाज थॉर्वाल्दुर थॉर्डारसन आणि स्टीफन सेल्फ या संशोधकांनी केला आहे. १९९१ साली फिलिपाइन्समधील पिनाटुबोने जेवढा वायू सोडला त्याच्या सहापटीहून हे प्रमाण मोठे आहे. हा वायू पाण्याच्या वाफेशी संयोग पावून गंधकाम्लाच्या सूक्ष्म थेंबांत बदलला आणि वाऱ्यांनी तो युरोपवर नेला. जून संपण्यापूर्वी प्राग, बर्लिन, पॅरिस आणि लंडन या शहरांवर कोरडे, दुर्गंधी मळभ पसरले होते.

येथे एक विलक्षण स्थिती उत्पन्न होते. आइसलँडमध्ये कारण आणि परिणाम दोन्ही एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर होते. युरोपात फक्त परिणाम पोहोचला. कारणाची बातमी जहाजाने यायची होती आणि मळभ वाऱ्याने आले. मधल्या काळात लोकांनी काय केले, तर जवळ असलेल्या कारणांशी ते जोडले. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये इटलीतील कालाब्रिया भूकंपाने उद्ध्वस्त झाला होता. मग हे भूगर्भातून सुटलेले बाष्प असावे. १८ ऑगस्टला एक तेजस्वी उल्का इंग्लंडच्या आकाशातून गेली. मग तिचाही या सगळ्याशी संबंध असावा. पॅरिसमध्ये खगोलशास्त्रज्ञ लालांद यांना वृत्तपत्रात पत्र लिहून लोकांना धीर द्यावा लागला. विल्यम कूपर या कवीच्या पत्रांत हे मळभ आणि त्याबरोबर आलेली प्रलयाची कुजबुज दोन्ही आहेत. १७८५च्या ‘द टास्क’ या त्याच्या दीर्घकाव्यातही त्या उन्हाळ्याची छाया आहे.

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना गिल्बर्ट व्हाइटचे ‘सेल्बोर्नचा निसर्गेतिहास’ (१७८९) हे पुस्तक ठाऊक असते. त्यातील १७८३च्या उन्हाळ्यावरचे पत्र आम्ही योन यांच्या जोडीने वाचले. व्हाइटही धर्मोपदेशकच. त्याला दिसते ते असे : भर दुपारी सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा निस्तेज, जमिनीवर आणि घरांच्या फरशीवर गंजाच्या रंगाचा प्रकाश, उगवता-मावळता सूर्य रक्तासारखा; उष्मा इतका की कापलेले मांस दुसऱ्या दिवशी खाण्याजोगे राहत नाही, आणि माश्यांच्या थव्यांनी घोडे बेजार. कालाब्रियाचा भूकंप आणि समुद्रातून नव्याने वर आलेला एक ज्वालामुखी यांचा तो उल्लेख करतो, पण त्या ज्वालामुखीला तो नॉर्वेच्या किनाऱ्याला नेऊन ठेवतो. उत्तर त्याच्या हाताशी येऊन निसटते. आणि मग तो काय करतो, तर मिल्टनकडे वळतो. ‘पॅराडाइज लॉस्ट’मधील निस्तेज सूर्याची उपमा त्याला आठवते. गावचे अडाणी लोक भीतीने सूर्याकडे पाहत होते, असे तो किंचित वरच्या पायरीवरून सांगतो. आणि सुशिक्षितालाही भीती वाटावी अशीच ती वेळ होती, हेही प्रांजळपणे कबूल करतो.

बेंजामिन फ्रँकलिन त्या वेळी पॅरिसजवळ राहून अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या तहाची बोलणी करीत होते. भिंगाने एकवटलेले सूर्यकिरण साधा कागदही धडपणे पेटवू शकत नव्हते, हे निरीक्षण त्यांच्या १७८४ सालच्या निबंधात आहे. पुढचा कडक हिवाळा त्यांनी या मळभाशी जोडला, आणि मळभाचे कारण म्हणून अवकाशातून आलेले जळते गोळे किंवा आइसलँडमधील ज्वालामुखीचा धूर, असे दोन पर्याय ठेवले. ज्वालामुखीचे नाव मात्र त्यांनी हेक्ला दिले, कारण युरोपला तेवढेच नाव ठाऊक होते. तर्क बरोबर आणि डोंगर चुकीचा.

इंग्लंडमध्ये १७८३चा उन्हाळा आणि त्यापुढचा हिवाळा मिळून नेहमीपेक्षा सुमारे २० हजार मृत्यू अधिक झाले, असा अंदाज २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. हे मोजले गेले ते पॅरिशच्या दफननोंदींवरून. त्यांतील किती मृत्यू मळभाचे आणि किती उष्म्याने फैलावलेल्या तापांचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मध्य इंग्लंडच्या तापमाननोंदीत १७८३चा जुलै अठराव्या शतकातील सर्वांत उष्ण जुलै आहे, आणि तो उष्मा लाकीमुळे होता की योगायोगाने आला, हेही वादाचेच.

मतभेदाचा हा धागा आपल्या दारापर्यंत येतो. हवामानाच्या प्रतिमानांनुसार उत्तर गोलार्धातील अशा मोठ्या उद्रेकाने आफ्रिकेवरील आणि भारतावरील मोसमी पाऊस क्षीण होतो. नाईलला त्या दोन वर्षांत पूर पुरेसा आला नाही. फ्रेंच प्रवासी वोल्ने याने इजिप्तने एक-षष्ठांश लोकसंख्या गमावल्याचे लिहून ठेवले आहे. आणि उत्तर हिंदुस्थानात याच सुमारास ‘चालीसा’ हा भीषण दुष्काळ पडला. विक्रम संवत् १८४०मधला, म्हणून चालीसा. १७८४च्या अखेरीस महादजी शिंदे यांच्या हाती दिल्लीच्या बादशाहीचा कारभार आला, तो या दुष्काळाने ओसाड केलेल्या मुलखाचा. ही जुळणी पाहून लेखकाचा हात शिवशिवतो. आइसलँडची भेग आणि महादजींची रिकामी तिजोरी एका वाक्यात बसवण्याचा मोह आम्हालाही झाला. परंतु उत्तरेकडील अवर्षण १७८३च्या जूनपूर्वीच सुरू झाले होते. लाकीने ते अधिक तीव्र केले असेल. ते लाकीमुळे झाले असे म्हणता येत नाही. कालाब्रियाचा भूकंप हाताशी होता म्हणून व्हाइटच्या काळाने तो मळभाला जोडला. आज लाकी हाताशी आहे, एवढ्यावरून आपण तीच चूक उलट बाजूने करू नये.

आपला खरा, निर्विवाद संबंध अधिक जुना आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्यात वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरली गेली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असाच भेगांतून वाहत आलेल्या लाव्हाचा आहे. लाकीचा १५ घन किलोमीटर लाव्हा त्याच्यापुढे नगण्य ठरतो. दख्खनचा मूळ साठा दहा लाख घन किलोमीटरच्या घरात धरला जातो. दख्खनच्या उद्रेकांनी त्या काळच्या हवेचे काय केले असेल याचा अदमास घेताना भूशास्त्रज्ञांना मानवी साक्ष असलेले उदाहरण लागते, आणि ते लाकीकडे जातात. घाटातली एखादी दरड पाहताना आता आम्हाला हे आठवते.

छापील स्वरूपात हा उद्रेक जगापुढे आला तो मात्र योन यांच्याकडून नव्हे. सेमुंदुर होल्म यांनी कोपनहेगनमध्ये बसून पत्रांच्या आधारे लिहिलेले पुस्तक १७८४ साली निघाले. स्टेफेनसेन यांचे पाहणीचे पुस्तक १७८५ साली. योन १७९१ साली वारले आणि त्यांचे लेखन हस्तलिखितातच राहिले. ते छापले गेले विसाव्या शतकाच्या आरंभी, गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’च्या आगेमागे. भेगेवरील विवरांपर्यंत पोहोचून त्यांचे वर्णन करणारे स्वेइन पाल्सन १७९४ साली तेथे गेले. पुढे भेग कोणत्या क्रमाने, कोणत्या तारखांना फाटत गेली हे ठरवताना थॉर्डारसन आणि सेल्फ यांना सर्वाधिक उपयोग झाला तो योन यांच्यासारख्या रहिवाशांच्या नोंदींचा.

पुढच्या सत्रात आम्ही ‘अग्निलेखा’तील दोन पानांचा आशय मराठीत उतरवून वर्गात वाटला, आणि त्या विद्यार्थिनीला तिचाच प्रस्ताव अमलात आणायला सांगितले : श्रद्धेचा भाग पेन्सिलीने खोडावा. तिने काम चोख केले. देवाचा कोप गेला, पापे गेली, अपशकुन गेले. मग ती घटनांचा क्रम लावायला बसली, आणि लागेना. योन काळ अनेकदा चर्चच्या पंचांगाने सांगतात. पन्नासाव्या दिवसाचा सण, त्रैक्याचा रविवार, त्रैक्यानंतरचा पाचवा रविवार, अशी त्यांची कालगणना. तिने तेही खोडले होते. बराच वेळ कागदाकडे पाहून तिने खोडरबर मागितले, पाचव्या रविवारची ओळ पुन्हा मोकळी केली आणि समासात बारीक अक्षरांत ‘२० जुलै’ असे लिहिले.